वाघजाई बोगद्यातला गारवा

इरण्णा बिराजदारांच्या ट्रकला गारवा बसवायचं ठरवलं ते बसवंतनं. इरण्णांनी नुसती मान हलवली, तीही बायकोकडं बघून.

बसवंत माळगे त्यांचा मेहुणा, बायको महादेवीचा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले तेव्हा बहिणीनं त्याला उमदीला आपल्या घरी आणलं आणि इरण्णांनी त्याला स्टिअरिंगवर बसवलं. त्या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली होती. दोघांच्या दोन गाड्या होत्या. किनाऱ्यावरच्या नव्या बंदरातून कंटेनर उचलायचा आणि घाटावर आणायचा. एकाच कंपनीचं काम, एकच रस्ता, आणि बहुतेक वेळा एकामागं एक.

त्या वर्षी कंपनीनं नोटीस काढली. गारवा नसलेल्या गाडीला यापुढं बंदरातला माल मिळणार नाही.

"मला नको ते," इरण्णा म्हणाले. जेवणं झाली होती आणि ते उंबऱ्यात पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होते. "इतकी वर्षं इंजिनानं बाहेरचीच हवा घेतली. आता त्याला गार हवा कशाला? लग्नाला जायचंय का त्याला?"

"दाजी, हवा गार झाली की आकसते. तेवढ्याच जागेत जास्ती मावते. जास्ती हवा म्हंजे जास्ती ऑक्सिजन, जास्ती डिझेल जळतं, जास्ती ताकद. उन्हाळ्यात गाडी घाटात का मरते? हवा पातळ होते म्हणून."

बसवंतचं म्हणणं बरोबर होतं. इंजिनात जाणारी हवा टर्बो नावाचा पंखा आधी दाबतो, आणि दाबली की ती दीड-पावणेदोनशे अंशांपर्यंत तापते. म्हणून गाडीच्या तोंडाशी एक जाळी असते, बाहेरचा वारा लागून त्या जाळीतली हवा निवते. पण बाहेरच्या वाऱ्याहून गार ती कधीच होऊ शकत नाही. मे महिन्यात बाहेर शेहेचाळीस अंश असले तर इंजिनाला मिळते ती साठ-पासष्ट अंशांची हवा. गारव्यानं ही मर्यादा मोडली. त्यात एका मिश्रधातूच्या चकत्या होत्या. चुंबकाच्या कवेत शिरल्या की त्या तापायच्या, बाहेर पडल्या की गार व्हायच्या. त्या सतत फिरत राहायच्या. तापल्या की आपली उष्णता टपावरच्या पात्यांना द्यायच्या, गार झाल्या की इंजिनाच्या हवेतली उष्णता शोषून घ्यायच्या. इंजिनाला बारा महिने पाच अंशांची हवा मिळू लागली. तेवढ्याच इंजिनात पाचवा हिस्सा जास्त ताकद आली.

त्याला जोडून केबिनमागं एक पेटी होती. खारट पाण्याची. सपाट रस्त्यावर किंवा गाडी थांबलेली असताना इंजिनाला फारशी हवा लागत नाही. त्या वेळात गारवा हे पाणी गोठवून ठेवायचा आणि साठवलेली थंडी घाटात वापरायचा. ड्रायव्हर लोक त्या पेटीला लादी म्हणायचे. लादी किती भरली आहे ते डॅशबोर्डवर टक्क्यांत दिसायचं.

गारवा बाजारात आल्यावर जे व्हायचं तेच झालं होतं. आधी त्याच इंजिनावर जास्त माल लादायला परवानगी मिळाली. नंतर तेवढ्याच मालासाठी लहान इंजिनं निघाली. तीन वर्षांत रस्त्यावर अशा गाड्या आल्या होत्या, की लादी वितळली तर भरल्या मालानिशी त्या चढावर जागच्या हलल्या नसत्या.

"आणि ती काढलेली उष्णता जाती कुठं?" उंबऱ्यात बसलेल्या इरण्णांनी त्या रात्री विचारलं.

"वर. टपावरच्या पात्यांतनं बाहेर."

"बाहेर म्हंजे कुठं?"

"बाहेर म्हंजे बाहेर, दाजी. आभाळ काय थोडं हाय का?"

इरण्णांनी महादेवीकडं बघितलं. ती म्हणाली, "तो सांगतोय तर बसवून घ्या. त्याला कळतंय त्यातलं."

इरण्णांनी जुनी गाडी मोडीत काढली आणि नवी, लहान इंजिनाची, गारवावाली घेतली.

*

वाघजाई बोगदा साडेतीन किलोमीटरचा. सह्याद्रीच्या पोटातून तिरका वर चढत जाणारा. खालचं तोंड कोकणात, वरचं देशावर. मालगाड्यांसाठी एकच दिशा, ती म्हणजे वर. शेजारचा सुटकेचा बोगदा अजून अर्धाच खोदून झाला होता.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी दीडच्या सुमारास बोगद्याच्या वरच्या टोकाजवळ एका ट्रकचा मागचा आस तुटला आणि वाट अडली. मागं गाड्या थांबत गेल्या. एकशे दहा गाड्या आत अडकल्या. इरण्णा पुढून सहावे होते. बसवंतला बंदरातून निघायला उशीर झाला होता, तो एकतिसावा.

मोबाइलला आत रेंज नव्हती. दोघांच्या केबिनमध्ये वॉकीटॉकीचे संच होते, त्यावर ते एरवी चहाला कुठं थांबायचं ते ठरवायचे.

"क्रेन बोलावलीय म्हणत्यात," इरण्णा म्हणाले. "तासभर तरी धर. झोप काढ."

बोगद्यातल्या भोंग्यावरून नियंत्रण कक्षाची सूचना आली. सगळ्यांनी आपापल्या गाडीत बसावं, काचा बंद ठेवाव्यात, गारवा चालू ठेवावा. केबिन थंड ठेवायचं कामही गारवाच करत असल्यामुळं ही सूचना कुणालाच वावगी वाटली नाही.

बसवंतनं सीट मागं केली. त्याची लादी तेव्हा बहात्तर टक्के होती. अर्ध्या तासानं त्यानं पाहिलं तर ती सत्तर झाली होती. गारवा पूर्ण जोरात फिरत होता, घुंईऽ असा आवाज येत होता, आणि तरी लादी भरायच्या ऐवजी उतरत होती. बाहेरचं तापमान बेचाळीसवरून सत्तेचाळीस झालं होतं.

त्यानं दार उघडून पाय खाली टाकला आणि चुलीचं तोंड उघडल्यासारखी झळ त्याच्या चेहऱ्यावर आली. वारा म्हणावा असा नव्हता, पण हवा हळूहळू सरकत होती. खालून वर. मागच्या गाडीच्या टपावरून उठलेली गरम हवा छताला घासत त्याच्या गाडीवर येत होती, आणि त्याच्या टपावरची पुढच्याच्या गाडीवर जात होती. तो चढाकडं बघत उभा राहिला. टपाटपावर लाल दिवे लागलेले. सगळे गारवे चालू.

आता त्याला हिशेब कळला. थांबलेल्या गाडीला इंजिनासाठी थंडी लागत नव्हती, म्हणून प्रत्येक गारवा आपली लादी भरायला बसला होता. एकेक गारवा वीस गिझर चालू ठेवावेत इतकी उष्णता बाहेर टाकत होता. हवा तापली म्हणून गारव्याला जास्त जोर लावावा लागत होता आणि जोर लावला म्हणून हवा आणखी तापत होती. एकशे दहा गाड्या आपापल्या पोटात बर्फ करायच्या नादात एकाच नळीत आग ओकत होत्या, आणि ती नळी वरच्या अंगाला चढत होती.

'आभाळ काय थोडं हाय का?' असं आपण म्हणालो होतो, हे त्याला आठवलं.

त्यानं संच उचलला. "दाजी, तुमच्याकडं बाहेर किती दाखवतंय?"

"त्रेपन्न. केबिनमधी पण गार येईना झालंय. पंखे थांबले बघ."

छताला टांगलेल्या मोठ्या पंख्यांच्या मोटारी पन्नास अंशांच्या पुढं आपोआप बंद व्हायच्या. वरच्या अंगाचे पंखे बंद पडले होते. आणि इरण्णांचं बोलणं संपायच्या आत वरून एक लांबलचक घरघर ऐकू आली, धाडकन आवाज झाला, आणि सरकणारी हवा थांबली.

"काय झालं?"

"पडदा पडला," इरण्णा म्हणाले. "लोखंडाचा पडदा. तुटक्या गाडीच्या पुढं. आग लागल्यावर पडतो तो. आग कुठंय रं इथं?"

आग नव्हतीच. छतावरच्या यंत्रांनी साठ अंश मोजले आणि आग लागली असं समजून वरचं तोंड बंद केलं. तापमान पन्नासच्या खाली आल्याशिवाय तो पडदा उठणार नव्हता. आता वर जायला वाट नव्हती, माणसाला नाही आणि हवेलाही नाही. उपडं घातलेल्या पातेल्यात वाफ साठावी तशी उष्णता वरच्या टोकाला साठू लागली.

*

बसवंतनं आधी आपला गारवा बंद केला. मग त्यानं भिंतीवरच्या आणीबाणीच्या फोनवरून नियंत्रण कक्षाशी बोलायचा प्रयत्न केला. पलीकडची बाई थकलेल्या आवाजात म्हणाली, "सर, केबिनमध्येच थांबा. गारवा बंद करू नका. उष्माघात होईल." त्यानं दोनदा समजावलं. तिच्यासमोर एक छापील कागद असावा, ती पुन्हा तेच वाचत होती. मग लाइन तुटली.

तो विचार करत उभा राहिला. वर पंचवीस गाड्या पलीकडं दाजी होते. गुडघे कामातून गेलेले, वय झालेलं. वर गेलं तर त्यांना पाठीवर घेऊन खाली आणता आलं असतं. कदाचित. पाऊण तास लागला असता, आणि तोवर खालचे एकोणऐंशी गारवे चालूच राहिले असते. खालच्यांना तर काही कळतच नव्हतं. खालून ताजी हवा मिळत होती, त्यांच्या लाद्या भरत होत्या, ते गाणी ऐकत बसले असतील. उष्णता तेही तयार करत होते, पण ती वरच्यांच्या डोक्यावर जाऊन बसत होती.

खाली गेलं पाहिजे.

"बसू," संचातून आवाज आला. "छातीत धडधडतंय रं जरा. पाणी पण संपत आलं."

बसवंतनं बटण दाबलं. खाली जातोय असं सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण खाली जातोय म्हटल्यावर दाजी काय करतील? गाडीतून उतरतील. त्या गुडघ्यांनी, त्या झळीत, एकट्यानं खाली यायला बघतील. पन्नास पावलांत पडतील.

"आलोच दाजी," तो म्हणाला. "तुम्ही दार उघडू नका. उतरू नका. मी येतोय वर."

"ये," इरण्णा म्हणाले.

बसवंतनं पाण्याची बाटली घेतली, पंचा भिजवून डोक्याला गुंडाळला, आणि तो खाली चालू लागला.

*

लगेच मागच्या गाडीचा ड्रायव्हर काच खाली करायलाच तयार नव्हता. बसवंतनं दारावर बुक्क्या मारल्या.

"गारवा बंद करा!"

"वेड लागलंय का? मरायचंय का आत शिजून?"

"तुमच्यामुळं पुढचे शिजतायत!"

"आणि माझ्या मागचा मला शिजवतोय त्याचं काय? त्याला सांगा आधी!"

दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याचंही. प्रत्येकाला आपल्या मागच्याचा राग होता. आपल्या पुढच्याचा विचार कुणाच्याच मनात नव्हता, कारण पुढच्याकडं गेलेली आपली उष्णता कुणाला दिसत नव्हती. आठ गाड्या झाल्या. एकानंही बंद केला नाही.

नवव्या गाडीत एक बाई होती. रेहाना शिकलगार, मिरजेची. चाळिशीची असेल. तिनं काच खाली केली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमचं पटलं. पण माझी गाडी अठ्ठावन्न टनाची आहे. इंजिन इवलंसं. लादी वितळली तर ही चढावर इंचभर सरकणार नाही. माझ्यामागं सत्तर गाड्या अडकतील. मग?"

सगळ्यांच्याच मनात हा प्रश्न होता, फक्त ती मोठ्यानं बोलली.

"मग नाही सरकणार," बसवंत म्हणाला. "वर जायचं सोडून द्यायचं. शेवटच्या गाडीपासून एकेक करत उलटं उतरायचं."

"रिव्हर्समध्ये? दोन किलोमीटर? ट्रेलर घेऊन?"

"हो."

तिनं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "तुमचं कोण आहे का वर?"

"बहिणीचे मालक आहेत. सहाव्या गाडीत."

"आणि तुम्ही खाली चाललाय?"

तो मागच्या गाडीकडं बघू लागला. रेहानानं त्याच्याकडं क्षणभर बघितलं आणि किल्लीशेजारचं लाल बटण दाबून धरलं. घुंई आवाज उतरत उतरत थांबला. मग ती ओढणी डोक्याला आवळून खाली उतरली आणि आपल्या पुढच्या, बसवंतला नकार दिलेल्या गाडीकडं गेली.

"ओ दादा!" ती ओरडली. "उतरा खाली! हात वर धरा तुमच्या टपाकडं. आता माझ्या टपाकडं धरा. कळला फरक? मी बंद केला, माझी झळ तुमच्यावर येणार नाही. आता तुमच्या पुढच्यावर दया करा!"

तो माणूस उतरला, दोन्हीकडं हात धरून पाहिला, आणि वर चढून त्यानं गारवा बंद केला.

"मी वरच्यांना सांगत जाते," रेहाना बसवंतला म्हणाली. "तुमच्या गाडीपर्यंत सगळे बंद करून घेते, त्याच्या पुढं तोंडोतोंडी निरोप धाडते. तुम्ही खाली जा. आणि प्रत्येकाला सांगा, बंद केलं की गाडीत बसून राहू नका. आपल्या मागच्याकडं जाऊन सांगा."

त्यानंतर काम चालू लागलं. बसवंत एकाला पटवायचा, तो आपल्या मागच्याला. काहींशी भांडण झालं. एकानं त्याला ढकलून दिलं आणि कोपर सोललं. पण मागं वळून बघितलं की लाल दिवे विझत गेलेले दिसायचे, एक, मग दोन, मग चार सलग.

मध्येच संच खरखरायचा.

"बसू, कुठवर आलास?"

"पंधरा गाड्या राहिल्या, दाजी."

तो पंचावन्नाव्या गाडीपाशी होता.

"इथं सत्तावन्न झालंय. मागच्या गाडीतला पोरगेला ड्रायव्हर वकला. त्याला माझ्या गाडीत घेतलाय."

"पडून राहा. बोलू नका. आलोच."

"बरं."

खाली उतरावं तशी हवा निवत होती. साठाव्या गाडीपाशी पंचेचाळीस. ऐंशीव्या गाडीपाशी बेचाळीस, आणि ते बेचाळीस अंश त्याच्या अंगाला माठातल्या पाण्यासारखे लागले. मग वळण आलं, आणि खाली, लांब, बोगद्याचं तोंड दिसलं. पांढराशुभ्र उजेडाचा एक गोळा.

त्याचे पाय आपोआप भराभर पडू लागले. त्यानं दोन गाड्या न सांगताच मागं टाकल्या. तीन. उजेड मोठा होत होता. बाहेर करवंदीच्या जाळ्या दिसत होत्या, एक पोलिसांची जीप दिसत होती, मोकळं आभाळ दिसत होतं. ह्या तीन-चार गाड्यांनी काय फरक पडणार, असं त्याच्या मनात आलं. आपण बाहेर जाऊन पोलिसांना सांगू, ते बघतील. सांगितलं की आपलं काम झालं.

"बसू?" दाजींचा आवाज आता बारीक झाला होता. "किती राहिल्या?"

बसवंत थांबला. उजेडाकडं पाठ केली. "पाच," तो म्हणाला.

"बरं. ये सावकाश."

तो परत तीन गाड्या वर चढला आणि त्यानं दारावर थाप मारली.

*

शेवटचा गारवा बंद झाला तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बोगदा एकदम शांत झाला. इतका वेळ त्या घुंई आवाजाची कानांना सवय झाली होती, तो थांबल्यावर माणसांचे खोकले ऐकू येऊ लागले.

खालून पहिल्या गाड्या उलट्या उतरू लागल्या होत्या. रेहाना वरून परत आली होती आणि दोन्ही हात हलवत, शिट्या मारत एकेक ट्रेलर मागं घ्यायला लावत होती. डोंगराच्या पोटातला खडक अजून गार होता. उष्णता तयार व्हायची थांबली तशी भिंती ती शोषू लागल्या. चार वाजून सहा मिनिटांनी वरून घरघर आली. पडदा उठला. साचलेली तापलेली हवा वरच्या तोंडातून सुटली आणि खालून वारा आत शिरला. खरा वारा. बसवंतच्या ओल्या शर्टात तो भरला.

तो वर धावत सुटला. अडीच किलोमीटरचा चढ. दोनदा बसला, एकदा ओकला. संचावर हाक मारली तर उत्तर येईना.

तो पोचला तेव्हा सहाव्या गाडीचं दार उघडं होतं आणि केबिन रिकामी होती. वरच्या तोंडातून आलेल्या बचाव पथकानं इरण्णांना नेलं होतं. पुढच्या पाच गाड्यांतले चार ड्रायव्हर मेले होते. इरण्णांनी आपल्या गाडीत घेतलेला तो पोरगेला ड्रायव्हर जगला, कारण इरण्णांनी उरलेलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं होतं.

*

इरण्णा दहा दिवस बेशुद्ध होते. महादेवी मिरजेच्या दवाखान्यात बाकावर बसून असायची. वाचलेल्या पोरानं तिला सांगितलं होतं, "ते सारखं म्हणत होते, बसू येतोय, बसू येतोय." तिनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "माझा भाऊ जिवावर उदार होऊन वर गेलता. पोचायला थोडा उशीर झाला एवढंच."

आणि बसवंत शेजारी उभा असायचा. बातमीत त्याचं नाव आलं होतं. गाडी थांबली की गारवा आपोआप बंद व्हावा, असा नियम लवकरच होणार होता. बंदरातले ड्रायव्हर त्याला मिठ्या मारत होते. सगळ्या जगाला माहीत होतं की तो खाली गेला म्हणून शंभर माणसं वाचली. फक्त महादेवी बातम्या बघत नव्हती, आणि तिला खरं सांगायला त्याची जीभ उचलत नव्हती. बोगद्यातून तो बाहेर आला होता, पण वॉर्डाच्या त्या बाकाजवळ आलं की त्याला दोन्ही बाजूंच्या भिंती पुन्हा जवळ आल्यासारख्या वाटायच्या. डॉक्टर म्हणाले, ते शुद्धीवर येतील, तेव्हा महादेवी रडली. दाजी जागे होऊ नयेत, असा एक विचार बसवंतच्या मनात मात्र येऊन गेला. त्या विचाराची त्याला इतकी भीती वाटली, की तो जिन्यात जाऊन बसला.

अकराव्या दिवशी इरण्णांनी डोळे उघडले. हात कापत होते, जीभ जड झाली होती. गाडी पुन्हा चालवता येणार नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तीन दिवसांनी दुपारी महादेवी डबा धुवायला नळावर गेली तेव्हा ते दोघंच खोलीत होते.

"दाजी," बसवंत म्हणाला. "मी वर येत नव्हतो. मी खाली चाललो होतो. पंधरा गाड्या राहिल्या म्हणालो, पाच राहिल्या म्हणालो, सगळं खोटं."

इरण्णा छताकडं बघत होते. एकेक शब्द उचलून ठेवावा तसं ते बोलले.

"माहीत होतं."

"कसं?"

"चढणाऱ्याला... धाप लागते. तू बोलत होतास... सरळ. दम नव्हता लागलेला. पहिल्या वेळीच... कळलं."

बसवंत खाटेजवळ सरकला. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर... तू माघारी वळला असतास."

नळाचा आवाज बंद झाला. महादेवीची पावलं व्हरांड्यात वाजू लागली. इरण्णांनी कापरा हात चादरीवरून सरकवत बसवंतच्या मनगटावर ठेवला. त्या हातात जोर नव्हता.

"पण बसू," ते म्हणाले, "कळत होतं... तरी वाट बघत होतो."

महादेवी आत आली. तिनं दोघांकडं बघितलं आणि विचारलं, "काय बोलताय?"

बसवंतनं मनगट सोडवून घेतलं नाही. "अक्का, बस इथं," तो म्हणाला. "तुला एक सांगायचंय."